पोलिसांची बिनतारी बोलणी

टेलिफोनवर दोन माणसे बोलतात तेव्हा तिसऱ्याने ते ऐकू नये अशी आपली अपेक्षा असते. पोलिसांच्या वॉकीटॉकीचे तत्त्व नेमके उलट आहे. एकाने बोलावे आणि त्या चॅनेलवरील सर्वांनी ऐकावे. मोबाइल खिशाखिशात आला तरी पोलीस व अग्निशामक दलांनी हे यंत्र सोडले नाही, ते माझ्या मते मुख्यतः याच कारणाने.

आरंभी हे संभाषण एकतर्फी होते. अमेरिकेतील डेट्रॉइट शहराच्या पोलिसांनी १९२८ साली गाड्यांत रेडिओ बसवले. पण शिपायाला फक्त ऐकता येई, उत्तरासाठी टेलिफोन गाठावा लागे. १९३३ साली न्यू जर्सीतील बेयॉन येथे गाडीतूनही बोलता येऊ लागले.

वॉकीटॉकीवर बोलताना बटण दाबून धरावे लागते आणि तोपर्यंत ऐकू येत नाही. दोघांनी एकदम बटण दाबले तर बाकीच्यांच्या कानी नुसती खरखर. म्हणून येथे बोलण्याला शिस्त आहे. आधी ज्याला हाक मारायची त्याची खूण, मग आपली, मग थोडक्यात मजकूर आणि शेवटी 'ओव्हर'. आकडे सुटे सुटे सांगतात, हे मला फार पटले. मराठीतले 'एकोणसाठ' आणि 'एकोणसत्तर' खरखरीत सहज मिसळतात. कन्नडमध्ये ५९ म्हणजे 'ऐवत्तोंबत्तु', सरळ पन्नास आणि नऊ. तेथे हा घोळ कमी. (हिशेबाच्या तासाला रकमा उतरवून घेणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.) 'पाच, नऊ' म्हटले की प्रश्न मिटला.

हातातल्या यंत्राची शक्ती चार-पाच वॅट एवढीच. त्याच्या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात. टेकडी किंवा मोठी इमारत आड आली की आवाज तुटतो. यावर उपाय म्हणून उंचावर 'रिपीटर' बसवतात. तो एका लहरीवर ऐकतो आणि तेच बोलणे दुसऱ्या लहरीवर अधिक शक्तीने सोडतो.

ही सोय असूनही काय घडू शकते ते न्यूयॉर्कमध्ये ११ सप्टेंबर २००१ रोजी दिसले. जागतिक व्यापार केंद्रात असा रिपीटर होता. उत्तर मनोऱ्यात त्याच्या यंत्राचे एक बटण दाबले गेले नव्हते. तो बिघडला आहे असे समजून अधिकाऱ्यांनी तेथे तो वापरला नाही. ९ वाजून ५९ मिनिटांनी दक्षिण मनोरा कोसळला. त्यानंतर उत्तर मनोरा सोडण्याचा हुकूम रेडिओवरून सुटला, पण वर चढलेल्या अनेक जवानांना तो ऐकूच आला नाही. कोठे लहरी पोहोचल्या नाहीत, कोठे चॅनेलवर गर्दी, तर कोणी वेगळ्याच चॅनेलवर. पोलिसांच्या हेलिकॉप्टरमधून हा मनोराही पडेल असा इशारा दिला गेला, परंतु तो पोलिसांच्या चॅनेलवर. अग्निशामक दलाचे रेडिओ त्याला जोडलेले नव्हते. १० वाजून २८ मिनिटांनी तो मनोरा पडला. त्या दिवशी अग्निशामक दलाचे ३४३ जण गेले.

चौकशी आयोगाचा अहवाल २००४ साली आला. संकटकाळी सर्व दलांना एकमेकांशी बोलता यावे यासाठी त्यांना वेगळ्या लहरी राखून द्याव्यात, असे त्यात सुचवले होते. त्यासाठी देशव्यापी जाळे उभारण्याचा कायदा अमेरिकेच्या संसदेने केला तो २०१२ साली.