तळ्यातला मासा आणि एमबीएची वही

मत्स्यशेती आणि एमबीए यांचा काय संबंध, असं माझ्या रूम पार्टनरनं विचारलं. संबंध आहे, आणि त्यात आपल्यालाही काम आहे. म्हणून हा लेख.

आधी तांत्रिक बाजू. दिवसा तळ्यातलं शेवाळ प्राणवायू सोडतं. रात्री मासे, शेवाळ, जिवाणू सगळेच तो वापरतात, म्हणून पहाटे तो सर्वांत कमी असतो. लिटरला ५ मिलिग्रॅमच्या आसपास असेल तर मासे नीट वाढतात. फारच घसरला तर एका रात्रीत सगळं पीक हातचं जातं! यावर उपाय आपल्या सिलॅबसमधलेच : सेन्सर, एरेटर, पंप. पण यंत्र आलं की वीजबिल आलं. त्यात निम्मा किंवा त्याहून जास्त खर्च खाद्यावरच होतो, आणि पैसे मिळतात मासा विकल्यावर. मग नवं यंत्र घ्यायचं कुणी?

आता आंध्रच्या किनाऱ्याचं उदाहरण घ्या. १९९० नंतर तिथं टायगर कोळंबीची तळी भराभर वाढली. एकानं सोडलेलं पाणी दुसऱ्याच्या तळ्यात जायचं. १९९४-९५ च्या सुमारास विषाणूजन्य रोगानं तळीच्या तळी रिकामी केली. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं किनाऱ्यावरच्या कोळंबीशेतीवर कडक निर्बंध घातले, २००५ मध्ये स्वतंत्र कायदा झाला. नफा प्रत्येकाच्या वहीत होता, बिघडलेल्या पाण्याचा खर्च मात्र कुणाच्याच वहीत नव्हता.

बिझनेस स्कूलचं काम इथं सुरू होतं. माझ्या मते तीन गोष्टी करता येतील :

१) पाणी, वीज आणि रोगाची जोखीम धरून एका तळ्याचा खराखुरा हिशोब मांडणं.

२) शेजारच्या दहा-बारा तळ्यांना मिळून पाणी शुद्ध करणारं एक तळं परवडेल का, वर्गणी कशी बसवायची, हे ठरवून देणं.

३) यंत्राचे हप्ते मासेविक्रीच्या वेळेला जुळतील अशी कर्जाची योजना बँकेपुढे ठेवणं.

हे काही स्वप्नरंजन नाही. दूध सहकारी संघांना व्यवस्थापक मिळावेत म्हणून १९७९ साली आणंदला ‘इर्मा’ ही संस्था निघाली. तिथले विद्यार्थी शिक्षणाचा भाग म्हणून खेड्यात जाऊन राहतात. दुधासाठी जमलं ते माशासाठी का जमू नये?

आपल्या फायनल इयर प्रोजेक्टमध्ये एखादा एमबीएवाला घेऊन बघा. आपण एरेटर किती फिरला ते मोजू, तो फिरवणं शेतकऱ्याला परवडलं का ते त्याला मोजू द्या. दोन्ही आकडे जुळले, तरच आपलं यंत्र प्रदर्शनातून उठून तळ्यात जाईल.