माझ्या बोटाला ठसे आहेत

विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली आणि आमच्या ग्रामसभेच्या लॅपटॉपवर सारख्या सूचना यायला लागल्या. तेंदूचा हिशोब, बांबूच्या वाहतूक पासांची नोंद, मजुरीच्या याद्या, सगळं त्या एकाच लॅपटॉपात. जोखीम नको म्हणून विंडोज ११ टाकून घ्यायचं ठरलं आणि ते काम माझ्याकडे आलं. धानोऱ्याहून गडचिरोली, वैनगंगेचा पूल, व्याहाड, सावली, मूल आणि मग चंद्रपूर. एसटीनं हा दिवस कसा जातो ते इकडच्या माणसाला सांगायला नको.

दुकानाचं नाव लिहीत नाही. त्यांनी लॅपटॉप फॉरमॅट करून विंडोज ११ टाकलं, फायली जपल्या, पैसे घेतले. घरी येऊन पाहते तर बोटानं उघडायची सोय बंद. ही काही आमची चैन नव्हती. पासवर्ड ठेवला की आठ दिवसांत अख्ख्या टोलीला पाठ होतो, म्हणून अध्यक्षांचं आणि माझं, एवढीच बोटं त्यात घातली होती.

पुन्हा चंद्रपूर. दुकानदारानं लॅपटॉप उलटा केला, मागचे स्क्रू काढले, आत डोकावून पाहिलं आणि सांगितलं, सेन्सर गेला, अख्खा पामरेस्ट बदलावा लागेल, साडेचार हजार. मी म्हटलं, तुमच्याकडे आणला तोवर रोज चालत होता. त्यावर त्यानं माझ्या हाताकडे पाहिलं. "ताई, तुमच्या बोटालेच ठसे नाही राह्यले. तेंदू-मोह करता ना तुम्ही लोकं? जंगलातल्या सगळ्यायचंच असं असते." बाजूला उभं असलेलं गिऱ्हाईक हसलं.

मी तेंदू तोडते, पुडे बांधते. सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. ते मोजून घेणारा फडमुंशीही माझ्या बोटांना नावं ठेवत नाही. आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांचे अंगठे रेशनच्या ई-पॉस यंत्रावर खरंच लागत नाहीत. धान्यासाठी त्यांची जी फरफट होते ती मी दर महिन्याला पाहते, म्हणून तो विनोद मला झोंबला. माझा अंगठा मात्र त्याच यंत्रावर एका दमात लागतो. मी लॅपटॉप उचलला. 'चेकिंग'चे पैसे त्यानं तरीही घेतले, आणि मागचा एक स्क्रू कमी आहे हे मला नंतर दिसलं.

परतीच्या गाडीत बसल्या बसल्या डोक्यात आलं की या लॅपटॉपनं माझं बोट मागितलंच कुठे होतं? सेटिंगमध्ये बोटाच्या ठशाच्या ओळीवर 'हा पर्याय सध्या उपलब्ध नाही' अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य होतं, बस. बोट ठेवायची वेळच आली नाही, तर बोट खराब ठरलं कसं? आणि त्या शहाण्यानं स्वतःचं बोट तरी लावून पाहावं की नाही!

नागपूरला शिकणाऱ्या भाच्याला फोन केला. तो म्हणाला, आत्या, डिव्हाइस मॅनेजर उघड. तिथे 'अदर डिव्हायसेस'खाली पिवळा त्रिकोण लागलेलं एक अनोळखी यंत्र होतं. ते दिसतंय याचा अर्थ सेन्सर जिवंत आहे, फक्त विंडोजला त्याची भाषा येत नाही, म्हणजे ड्रायव्हर नाही. त्या नावावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, डिटेल्स, हार्डवेअर आयडी असं गेलं की व्हीआयडीपुढे चार अक्षरं दिसतात. ०६सीबी असेल तर सेन्सर सिनॅप्टिक्सचा, २७सी६ असेल तर गुडिक्सचा, ०४एफ३ असेल तर एलानचा. तेवढं कळलं की लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर मागच्या बाजूचा सीरियल नंबर टाकायचा आणि तिथूनच ड्रायव्हर घ्यायचा. 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर' म्हणणाऱ्या साइटच्या वाटेला जाऊ नका. विंडोज अपडेटच्या ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये ऐच्छिक अपडेट्स असतात, तिथेही कधी कधी हाच ड्रायव्हर पडून असतो; दुकानदारानं तेवढं उघडलं असतं तरी पुरे होतं.

ड्रायव्हर बसला. पिन आधी ठेवावा लागतो, त्याशिवाय बोट घेतच नाही, तो ठेवला. आता पडद्यानं बोट मागितलं. मी उजवी तर्जनी ठेवली, उचलली, ठेवली. आणि उत्तर काय आलं? हे बोट आधीच दुसऱ्या खात्यावर नोंदलेलं आहे!

मी मोठ्यानं हसले. ज्या बोटाला ठसाच नाही म्हणून चारचौघांत ऐकून घेतलं, त्याच बोटाला तो 'गेलेला' सेन्सर ओळखत होता. फॉरमॅटनंतरही.

भाच्यानं कारण सांगितलं. काही सेन्सरांत ठशांचे नमुने विंडोजच्या फोल्डरात राहतात, ते फॉरमॅटबरोबर जातात. काही सेन्सर मात्र ते स्वतःच्या चिपमध्येच ठेवतात आणि जुळवणीही तिथेच करतात. विंडोज नवीन आलं तरी चिपला त्याचं काही देणंघेणं नसतं, जुने ठसे तिथे तसेच. आमच्या लॅपटॉपात बायोसच्या सुरक्षेच्या पानावर ठशांचा डेटा पुसायची सोय निघाली. पुसला, बोट नव्यानं नोंदवलं, काम झालं. थिंकपॅडमध्ये ही सोय असते, सगळ्याच लॅपटॉपात असेल असं नाही. नसेल तर आधी न नोंदवलेलं बोट लावून पाहा. चिपला ते नवीन असतं, घेते.

बायोसला हात लावण्याआधी एक गोष्ट मात्र विसरू नका. विंडोज ११ बऱ्याच लॅपटॉपांत डिस्क आपोआप कुलूपबंद करतं आणि बायोसमध्ये बदल झाला की ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतं. ती आधी वहीत उतरवून घ्या. तेंदूच्या चुकाऱ्याच्या दिवशी लॅपटॉप ते आकडे मागत बसला तर फडावर काय गोंधळ होईल, कल्पना करा.

दुकानात फोन केला. "ताई, ते टेम्परवारी हाय, पुन्हा बंद पडन." पडलेलं नाही.

बाकीचं सगळ्यांना ठाऊक असतंच: बॅकअप घ्या, पावती घ्या, दुसऱ्या कोणाला विचारा. पावतीवर नेमकं काय तपासलं ते लिहून घ्या. आमच्या पावतीवर नुसतं 'चेकिंग' आहे आणि हिशोबात ते कुठल्या खात्यावर टाकायचं यावर ग्रामसभेत मलाच उत्तर द्यावं लागलं. लॅपटॉप विंडोज ११ ला पात्र असेल तर फॉरमॅट मुळात लागत नाही. अपडेटमधून फुकटात वरच्या वर चढवता येतं आणि ड्रायव्हरही बहुधा जागेवर राहतात. हे मला कोणी सांगितलं नाही. दुकानदार तर कशाला सांगेल? फॉरमॅट करायचंच झालं तर आधी नोंदलेली बोटं काढून टाका आणि ड्रायव्हरची फाइल रेंज असलेल्या ठिकाणीच पेन ड्राइव्हवर घ्या. आमच्याकडे फाइल अर्ध्यावर तुटते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये काहीच दिसत नसेल तर बायोसमध्ये सेन्सर बंद केलेला आहे का ते पाहा. तिथे चालू असूनही दिसत नसेल, तर आतली पट्टी निसटली असेल किंवा सेन्सर खरंच गेला असेल. तेव्हा पैसे मोजा, आधी नाही.

आमच्या गावच्या सेवा केंद्राच्या पोराचंही असंच झालं, पण त्याचं यंत्र वेगळं. आधारसाठी लॅपटॉपचा सेन्सर चालत नाही. त्याला आधार प्राधिकरणाकडे नोंदलेलं यूएसबी यंत्र लागतं आणि त्याची आरडी सर्व्हिस फॉरमॅटनंतर पुन्हा टाकावी लागते. त्यालाही नवीन यंत्र घे असंच सांगितलं गेलं होतं. यंत्र जुनं, एल झीरो प्रकारचं असेल तर ते बदलावंच लागतं, कारण आता एल वन लागतं. त्याचं एल वनच होतं. आरडी सर्व्हिस टाकली आणि त्याच संध्याकाळी पेन्शनवाल्या आजीबाईंचं काम झालं.