पाल्हाळ कशाला म्हणावे?

बालमित्रांनो, ‘पुष्कळ लिहिले म्हणजे चांगले लिहिले’ असे काहींना वाटते. काही म्हणतात, ‘थोडक्यात लिहा.’ खरे काय? दोन पुस्तके शेजारी ठेवून पाहू.

दोन्ही गीतेवरची, दोन्ही तुरुंगात जन्मलेली. लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्य’ १९१०-११ च्या हिवाळ्यात मंडालेच्या तुरुंगात लिहिले. ते १९१५ साली प्रसिद्ध झाले. विनोबांची ‘गीता प्रवचने’ म्हणजे १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी दिलेली १८ प्रवचने. ती साने गुरुजींनी उतरवून घेतली.

टिळकांचा ग्रंथ जाडजूड, विनोबांचे पुस्तक लहान. म्हणून टिळक पाल्हाळिक ठरतात का? मुळीच नाही. गीता कर्मयोग सांगते, हे त्यांना सिद्ध करायचे होते. जुन्या टीकाकारांची मते मांडायची, ती खोडायची, आधार द्यायचे, तर जागा लागणारच. विनोबांपुढे मात्र कैदी ऐकत बसले होते. ऐकणाऱ्याला मागचे पान उलटता येत नाही. म्हणून तेथे सोपी वाक्ये आणि रोजचे दाखले हवेत.

तेव्हा लांबी म्हणजे पाल्हाळ नव्हे. जो शब्द काढला तरी अर्थ बदलत नाही, तो पाल्हाळ. ‘शाळेच्या वतीने सहलीचे आयोजन करण्यात आले होते’ याऐवजी ‘शाळेने सहल काढली होती’ म्हटले तर काय बिघडले?

आता हे पाहा: ‘समुद्रसपाटीला पाणी १०० अंश सेल्सियसला उकळते.’ सिंगापूरला राहणाऱ्यांना पहिला शब्द जास्तीचा वाटेल. पण महाबळेश्वरला पाणी सुमारे ९५-९६ अंशांनाच उकळते! तो शब्द काढला तर वाक्य चुकेल. शास्त्रीय लेखनातले असे शब्द राखावेत.

पालकांनो, मुलांना मराठी जड वाटते ती पुष्कळदा फुगवलेल्या वाक्यांमुळे. फोनवर आजीला ‘जेवलो’ सांगणारे मूल निबंधात ‘भोजन करण्यात आले’ लिहिते, आणि मराठी आपली नव्हे असे त्याला वाटू लागते. अशा वेळी आम्ही एवढेच विचारतो, “हे आजीला कसे सांगशील?”

स्वाध्याय
१. थोडक्यात लिहा: ‘पावसाच्या कारणामुळे सामना रद्द करण्याचा निर्णय घेण्यात आला.’
२. कोणते शब्द काढाल, कोणते राखाल? ‘हे जे औषध आहे ते जेवणानंतरच घेण्यात यावे.’
३. सेरंगून रोडविषयी पाच वाक्ये आजीसाठी लिहा आणि पाच शाळेच्या प्रकल्पासाठी. काय बदलले ते वर्गात सांगा.