रेवडीवरच्या कुस्त्या

आष्ट्याच्या आसपास पोरांना कुस्तीचं वेड लावावं लागत नाही. जवळच कवठेपिरान, हिंदकेसरी मारुती माने यांचं गाव. १९६२ला जकार्ताच्या आशियाई स्पर्धेतून त्यांनी सुवर्ण आणलं होतं. शिकवावं लागतं ते हरणं, आणि तेही आधी काठावरच्या बापांना.

सुट्टीत आठ-दहा वर्षांच्या पोरांच्या कुस्त्या लावायच्या, तर आदल्या दिवशी हौदा खणून माती भुसभुशीत करा, खडे वेचा. नखं कापून घ्या. अंगावर गजकर्ण किंवा ओली जखम दिसली, तर ते पोर त्या दिवशी फक्त बघेल.

मग जोड. इथं घाई नको. काट्यावर वजन करा. दोन किलोंहून जास्त फरक नको. नवख्यासमोर नवखाच. ‘आमचा बारका त्या थोरल्याला सहज लोळवंल’ म्हणत कुणीतरी येतोच. त्याला चहा पाजा, जोड मात्र बदलू नका. वजन कमी भरावं म्हणून पोराला उपाशी आणलं असेल, तर कुस्ती रद्द. आधी जेवायला घाला.

सलामी झाली की तीन मिनिटं. मान आवळणारे डाव बंद. पाठ टेकली की पंचानं लगेच सोडवायचं. जिंकलेल्यानं आधी खालच्याला हात देऊन उठवायचं, त्याच्या पाठीची माती झाडायची, मगच शड्डू. विसरला तर परत बोलवा. वेळ संपली तर बरोबरीत सोडवा. या वयात तो उत्तम निकाल. काठावरून ‘पट काढ, पट काढ’ ओरडणाऱ्या बापाच्या हातात हलगी द्या, म्हणजे तोंडाला काम उरत नाही.

इनाम रेवड्यांचं, दोघांना सारखी मूठ. पोराच्या हातात नोटा कोंबू देऊ नका.

हरलेला रडला तर रडू द्या. ‘पोरीसारखा काय रडतोस’ कुणी म्हणू नये. पोरीही आता याच मातीत उतरतात. डोळे पुसून झाले की विचारा, ‘कुठल्या डावावर गेलास?’ गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ला लंडनच्या ऑलिंपिकमध्ये सहावे आले होते, हेलसिंकीचं कांस्य १९५२चं, हेही सांगा. मग ज्यानं पाडलं त्यालाच बोलवा, तोच डाव सावकाश टाकायला लावा आणि त्याची तोड दोघांकडून घोटून घ्या. पुढच्या रविवारी मात्र जोड बदला.