ओढ्याच्या तोंडावर पाच तंबू

पावसाळ्यात कुरुंदवाडात सकाळी कुणीही भेटलं की पहिला प्रश्न एकच, "पाणी किती आलं?" घाटाच्या किती पायऱ्या उरल्या, कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यावर पातळी 39 फुटांच्या इशाऱ्याला लागली की 43 फुटांच्या धोक्याला, राधानगरीचे किती दरवाजे उघडले, हे आमच्याकडे चौथीतलं पोरही सांगतं. 2005, 2019 आणि 2021 या तिन्ही पुरांच्या खुणा आमच्या सोप्याच्या भिंतीवर आहेत. रंग देताना त्या पुसायच्या नाहीत, असं सासूबाईंनी बजावून ठेवलं आहे. इतकं पाणी बघितलेल्या घरातली मी, सगळ्या कुटुंबाला घेऊन एका ओढ्याच्या तोंडावर झोपले. त्या रात्रीबद्दल आजवर नात्यातल्या चारपाच जणांशीच बोलले आहे. पण हल्ली ओळखीतली बरीच मंडळी धरणांच्या काठी तंबूत राहायला निघतात आणि मला विचारतात, म्हणून सविस्तर लिहिते.

मुलांची सहामाही परीक्षा संपली होती. दिवाळीला अजून आठ दिवस होते. राधानगरी-दाजीपूरच्या बाजूला एका जलाशयाच्या काठी खासगी कॅम्प आहे, असं माझ्या दिरांना कळलं. फोटो सुंदर होते. पाण्यापासून दहा पावलांवर रंगीत तंबू, मागे गर्द झाडी, पुढ्यात शेकोटी. माणशी पंधराशे रुपये, दोन वेळचं जेवण आणि सकाळचा नाश्ता त्यातच. आम्ही लहानमोठी मिळून तेरा जणं. अर्धे पैसे फोनवरूनच पाठवले. जागा कुणी बघून आलं नव्हतं, कुणी विचारपूसही केली नाही.

पोचलो तेव्हा संध्याकाळचे पाच वाजून गेले होते. जागा फोटोतल्यासारखीच होती आणि त्यामुळेच कुणाला शंका आली नाही. दोन टेकड्यांच्या बेचक्यातून एक बारीक ओढा येत होता, घोटाही बुडणार नाही इतकं पाणी. तो तळ्याला मिळायचा तिथं त्याने मऊ, सपाट, पंख्यासारखी जागा तयार केली होती. पाचही तंबू त्या सपाटीवर. मुलं तिथं लगेच पळापळी खेळायला लागली. आमच्या नदीकाठच्या मळीसारखी भुसभुशीत जमीन आहे, असं मी जाऊबाईंना म्हणालेसुद्धा. मळी कशाने तयार होते, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. तरी तो शब्द तोंडातून गेला आणि पुढचा विचार आला नाही.

देखरेखीला अठरा-एकोणीस वर्षांचा एक पोरगा होता. मालक कोल्हापुरात. जेवण झाल्यावर पोराने वरच्या रस्त्याचं फाटक लावून घेतलं आणि तिथल्याच एका खोलीत झोपायला गेला. रात्री दहाच्या सुमाराला पश्चिमेकडे विजा चमकायला लागल्या. परतीच्या पावसाचे दिवस ते, आमच्या अंगावर थेंबही नव्हता, म्हणून आम्ही शेकोटीभोवती बसून राहिलो. पाऊस वर डोंगरात पडत होता.

दीडच्या सुमाराला धाकटी म्हणाली, "आई, खाली थंड लागतंय." मी हात खाली घातला तर तंबूच्या बुडाखाली पाणी सरकत होतं. बाहेर आले. ओढ्याचा आवाज बदलला होता. आम्हा काठावरच्या लोकांना तो आवाज कळतो, खळखळ थांबते आणि जड घरघर सुरू होते. टॉर्चच्या उजेडात बघितलं तर पाणी तांबडं झालं होतं आणि त्यातून काटक्या येत होत्या. मी ओरडून सगळ्यांना उठवलं. सामान सोडा, चपला सोडा, मुलांना उचला आणि वर चला. सासूबाईंना ह्यांनी पाठीवर घेतलं. आम्ही चढावर जेमतेम पन्नास पावलं गेलो असू, तोवर पाऊस आमच्यावरही आला. खाली दोन तंबू आडवे झालेले विजेच्या उजेडात दिसले.

गाड्या फाटकाच्या आत, चाकं चिखलात. फाटकाला कुलूप. पोराला हाका मारल्या, तो घाबरून उठला, पण किल्ली सापडायला वीस मिनिटं गेली. फोनला रेंज नव्हती. रस्त्याच्या पलीकडे एक धनगरवाडा होता, तिथल्या आजोबांनी आमचे आवाज ऐकून कंदील घेऊन माणूस पाठवला. त्यांच्या घरात चुलीपुढे पोरांना बसवलं, घोंगड्या दिल्या. चहा पिताना आजोबा म्हणाले, "कुणी सांगितलं तुमास्नी तितं झोपाया? ती वड्याची जागा हाय. आन् वड्याकडनंच गवं पाण्याला उतरत्यात." सकाळी जाऊन बघितलं. ओढ्याच्या कडेच्या ओल्या मातीत खुरांचे ठसे होते, एकेक माझ्या पंज्याहून मोठा. पाऊस ओसरल्यावर कळप तिथूनच उतरला होता, आमच्या मोडलेल्या तंबूंना वळसा घालून.

कुणाला काही झालं नाही. पण अर्धा तास उशिरा जाग आली असती तर काय झालं असतं, ते मी कित्येक रात्री डोळ्यांपुढे बघितलं आहे.

आता पाण्याचं सांगते. आमच्या भागात सगळ्यांना माहीत आहे की कृष्णा तुंबलेली असली की पंचगंगेचं पाणी पुढे सरकत नाही. नरसोबाच्या वाडीला संगमाशी ते अडतं, मागे फुगत येतं आणि शिवारात पसरतं. ह्यालाच आपण फुग म्हणतो. डोंगरातल्या त्या ओढ्याचं तेच झालं होतं. पावसाळ्याअखेर जलाशय काठोकाठ भरलेला असतो. वरून अचानक लोंढा आला की त्याला पुढे उतार मिळत नाही. तळ्याच्या तोंडाशी तो मंदावतो, फुगतो आणि बाजूच्या सपाटीवर चढतो. ती सपाटी त्यानेच वर्षानुवर्षं गाळ आणून घातलेली असते. डोंगरउतारावर एखादाच मऊ, सपाट तुकडा दिसला तर आधी विचारायचं, हा सपाट कुणी केला? माणसाने केला असेल तर बांध दिसेल, ताल दिसेल. नसेल तर तो पाण्याने केलेला आहे आणि पाणी तिथं परत येतं. आपल्या डोक्यावर आभाळ कोरडं असणं ह्याला ओढ्याकाठी काही अर्थ नाही.

काठावर आणखी एक खूण बघायची. जलाशय जिथवर भरतो तिथवर मोठं झाड वाढत नाही, उघड्या मातीचा पट्टा राहतो आणि वरच्या कडेला वाळक्या काटक्यांची ओळ लागलेली असते. त्या ओळीच्या वर, चांगलं उंचावर तंबू हवा. उन्हाळ्याकडे पाणी उतरत जातं तशी खालची जमीन उघडी पडते. तिला गाळपेर म्हणतात. फोटोंत पाण्याला चिकटून दिसणारे बरेच तंबू अशा गाळपेरीवर असतात. ती जमीन धरणासाठी संपादित झालेली, सरकारच्या ताब्यातली असते. कॅम्पचा मालक ती आपली म्हणून सांगत असेल तर बाकीच्या गोष्टींतही तो किती खरा असेल, हे आपणच ठरवायचं. सातबारा मागायला लाजू नये. गट नंबर कळला तर उतारा घरबसल्या ऑनलाइन बघता येतो. सोयरीक जुळवताना आपण शेताचा उतारा मागतोच ना, मग पोरंबाळं घेऊन रात्र काढायची जागा न बघता कशी घ्यायची?

धरणाच्या खालच्या अंगाला, नदीपात्रातल्या खडकांवर किंवा वाळूवर तर तंबू टाकूच नये. राधानगरी धरण राजर्षी शाहू महाराजांनी सुरू केलेलं, भोगावतीवरचं. त्याचे 7 दरवाजे स्वयंचलित आहेत. पाणी ठरलेल्या पातळीला पोचलं की ते आपोआप उघडतात, कुणी येऊन बटण दाबावं लागत नाही. एकेका दरवाजातून 1428 क्युसेक पाणी सुटतं. आम्ही खाली कुरुंदवाडात ह्या बातमीवर घरातलं सामान माळ्यावर चढवतो, कारण ते पाणी भोगावतीतून पंचगंगेत आणि पुढे आमच्या दारात यायला वेळ लागतो. धरणाच्या पायथ्याशी बसलेल्या माणसाला तेवढा वेळ मिळत नाही. हिमाचल प्रदेशात 8 जून 2014 रोजी बियास नदीच्या पात्रात फोटो काढायला उतरलेले हैदराबादचे 24 विद्यार्थी लारजी धरणातून सोडलेल्या पाण्यात वाहून गेले. ती पोरं उतरली तेव्हा नदीत खडक उघडे होते.

गव्यांबद्दल लोक मला जास्त विचारतात. दाजीपूरचं जंगल 1958 पासून गव्यांसाठी राखलेलं आहे. आजचं राधानगरी अभयारण्य 351 चौरस किलोमीटरचं आहे, पण गव्याला हद्दीची पाटी वाचता येत नाही, गवे कोल्हापूरच्या वेशीपर्यंत येतात. गवा सहसा अंगावर येत नाही. त्याची पाण्याची वाट आपण अडवली, अंधारात तो आणि आपण अचानक समोरासमोर आलो, किंवा एकटा नर असला, तर मात्र धोका खरा आहे. म्हणून पाण्याकडे उतरणाऱ्या पायवाटा दिवसाउजेडी बघाव्यात. खुरांचे ठसे, शेण, अंग घासून चिखल लागलेले बुंधे दिसले तर तिथून तंबू हलवायचा. केरळात वायनाड जिल्ह्यात मेप्पाडीजवळ जानेवारी 2021 मध्ये जंगलाला लागून तंबूत उतरलेल्या एका शिक्षिकेचा हत्तीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. त्या ठिकाणाला परवाना नव्हता, असं नंतर उघड झालं. जंगलाच्या किती जवळ राहायला मिळतं ही काही कॅम्पची थोरवी नव्हे. खरकटं कुठे टाकता, हा प्रश्न मी आता आवर्जून विचारते. तंबूंमागे खरकट्याचा ढीग असेल तर रानडुकरं येणार, अस्वल येणार.

परवान्यांचं थोडक्यात. आपल्या राज्याचं कृषी पर्यटन धोरण 2020 मध्ये आलं, साहसी उपक्रमांसाठीचं 2021 मध्ये. पर्यटन विभागाकडे नोंदणी असेल तर मालक कागद दाखवायला कचरत नाही. कागद असला म्हणजे जागा सुरक्षित, असंही मी म्हणणार नाही. पण विचारल्यावर जो चिडतो त्याच्याकडे जाऊ नये.

माझ्या मते सगळ्यात मोठा प्रश्न माणसांचा. रात्री तिथं कोण असतं? किती जण? त्यांच्याकडे गाडी आहे का? फाटकाची किल्ली कुठे असते? रेंज नसेल तर फोन लागणारं जवळचं ठिकाण कोणतं? तिथून 108 ला फोन केला तर रुग्णवाहिका जागेपर्यंत येऊ शकते का, की रस्ता मध्येच संपतो? त्या रात्रीचा पोरगा वाईट नव्हता. थरथरत का होईना, तो शेवटपर्यंत आमच्यासोबत राहिला. त्याला कुणी काही शिकवलं नव्हतं आणि तेरा माणसांचा जीव त्याच्या एकट्यावर टाकून मालक घरी झोपला होता. मालकाने नंतर निम्मे पैसे परत केले. आम्ही ओढ्याबद्दल बोललो तेव्हा तो म्हणाला, असं कधी होत नाही. पुढच्या महिन्यात त्याच जागेचे नवे फोटो दिसले, तंबू तिथेच. तेव्हा मात्र मी ग्रामपंचायतीला लेखी कळवलं. ते पहिल्याच आठवड्यात करायला हवं होतं.

बाकी गोष्टी बऱ्याच जणांना माहीत असतात, तरी सांगते. थंडी वाजते म्हणून कोळशाची शेगडी तंबूत कधीही घेऊ नका, बंद जागेत तिचा विषारी वायू झोपेतच माणूस नेतो आणि त्याला वास नसतो. जमिनीवर झोपताना तंबूची चेन पूर्ण लावा. मण्यार रात्री फिरते, तिचा दंश पुष्कळदा दुखतही नाही आणि सकाळपर्यंत उशीर होतो. विजा सुरू झाल्या की तंबू आणि एकटं झाड दोन्ही सोडून गाडीत बसा. होडीत बसायचं तर प्रत्येकाच्या अंगावर लाइफ जॅकेट हवं, नसेल तर बसू नका. ऑगस्ट 2019 च्या पुरात ब्रह्मनाळला बोट उलटली तेव्हाचे दिवस आमच्या भागात कुणी विसरलेलं नाही.

आणि दिवसा पोचा. किमान दोन तास उजेड हाताशी हवा, म्हणजे जागा पायांनी फिरून बघता येते आणि नाही पटली तर परतता येतं. आम्ही पाचला पोचलो, तिथेच अर्धी चूक झाली होती.

दोन वर्षं मुलांनी तंबूचं नाव काढलं नाही. मग फेब्रुवारीत धाकटीनेच विषय काढला. ह्या वेळी मी आणि हे आधी एक रविवार नुसती जागा बघून आलो. परत येताना धनगरवाड्यावर आजोबांना भेटलो, त्यांच्यासाठी कुरुंदवाडची बासुंदी नेली होती. जागा कुठली ते सांगितल्यावर त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या, वड्यापासनं किती लांब आणि वर कुणाचं घर हाय का. मग मान हलवली.

जागा एका शेतकऱ्याच्या परड्यात होती, भाताच्या रिकाम्या खाचरांच्या वर, घराला लागून. तळं तिथून झाडांच्या फटीतून थोडंसं दिसायचं. मुलं आधी हिरमुसली, पाणी जवळ नाही म्हणून. शेतकऱ्याच्या घरी सहा माणसं, दारात जीप, किल्ली खिळ्याला टांगलेली. रात्री खाली पाण्याच्या बाजूला काहीतरी जड चालल्याचा आवाज आला, वाळक्या पाल्यातून, सावकाश. धाकटी जागी झाली.

"आई, गवा?"

"असेल."

"आपण त्याच्या वाटेवर नाही ना?"

"नाही. मी बघून आलेय."

तिने कूस बदलली आणि झोपली.