छोट्या कार्यालयातील संगणक-जाळे : बिघाड कसा शोधावा?

चार-पाच संगणक, एक प्रिंटर आणि इंटरनेटची जोडणी असलेली कार्यालये आता गावोगावी आहेत. पतसंस्था, वसतिगृह, ग्रंथालय, शाळा, सर्वत्र. हे जाळे बंद पडले की सारेजण एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात आणि 'इंजिनिअरला बोलवा' म्हणतात. आम्ही कला शाखेचे पदवीधर, बँकेत कारकून. या विषयाचे रीतसर शिक्षण आमच्यापाशी नाही. जे शिकलो ते काउंटरवर, समोर रांग उभी असताना.

निवृत्तिवेतनाचा दिवस होता. दहा वाजता शाखेतील सर्व संगणक अडकले. कोणी व्हायरस म्हणाले, कोणी लाइन गेली म्हणाले. वृद्ध मंडळी भिंतीला टेकून बसली. दुपारी दोनला उलगडा झाला. झाडलोट करताना लोंबणारे केबलचे एक टोक कुणीतरी भल्या हेतूने स्विचच्या रिकाम्या पोर्टमध्ये बसवले होते. दुसरे टोक आधीपासून त्याच स्विचमध्ये! स्विच साधा होता. संदेश तेथल्या तेथे गोल फिरत वाढत गेले आणि सर्वांचीच वाट अडली. टोक उपटताच काम सुरू झाले. पण तोवर काहीजण एस.टी.ची वेळ झाली म्हणून रिकाम्या हाताने परतले होते.

तेव्हापासून आम्ही बिघाड तारेपासून वर शोधत जातो. प्रथम पाहावे, एकच संगणक बंद आहे की सगळे? सगळे असतील तर स्विच, राउटर व त्यांची वीज पाहावी. एकच असेल तर केबलच्या जोडणीजवळचा दिवा पाहावा. तो लागत नसेल तर चालू असलेल्या संगणकाची केबल तेथे लावून बघावी. दिवा आहे पण काम नाही, तर संगणकाचा आयपी पत्ता काढावा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर पत्ते वाटणाऱ्या राउटरकडून उत्तरच आलेले नाही, संगणकाने आपल्या मनाने पत्ता घेतला आहे. पत्ता ठीक असल्यास 'पिंग' ही आज्ञा देऊन आधी राउटरला, मग बाहेरच्या पत्त्याला हाक मारावी. राउटर बोलतो आणि बाहेरचा बोलत नाही, तर दोष बहुधा बाहेरच्या लाइनचा. आकडी पत्ता बोलतो पण नावाने संकेतस्थळ उघडत नाही, तेव्हा डी.एन.एस. तपासावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. आम्ही एकदा केबल आणि स्विच दोन्ही बदलले. दोष कशात होता ते आजही ठाऊक नाही.

जुन्या '१० बेस २' पद्धतीत एकच तार सर्व संगणकांना जोडत जाई. टोकाचा ५० ओहमचा टर्मिनेटर निघाला की सगळेच बंद. आज प्रत्येकाची केबल स्वतंत्रपणे स्विचला येते, ही मोठीच सोय आहे.

सामान घेताना संस्था नवे संगणक आधी घेतात. आमच्या मते आधी केबल, अर्थिंग आणि यूपीएस. केबल शुद्ध तांब्याची कॅट ६ घ्यावी. स्वस्त केबलीत ॲल्युमिनियमवर तांब्याचा नुसता मुलामा असतो. एक जोडणी १०० मीटरपेक्षा लांब नको आणि विजेच्या तारांच्या पाइपातून तर नकोच. पाच संगणक असतील तर आठ पोर्टचा स्विच घ्यावा. राउटर व स्विच यूपीएसवर असावेत, लेझर प्रिंटर मात्र नसावा, तो तापताना एकदम वीज ओढतो. प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना एकच क्रमांक चिकटवावा आणि तो वहीत लिहावा.

आमच्या शाखेत स्विचच्या रिकाम्या पोर्टवर आता चिकटपट्टी लावलेली आहे.