जमिनीतील गंधक : तारक की मारक?



"चोपण जमिनीला गंधक घालू का?" हा प्रश्न आम्हाला नेहमी विचारला जातो. उत्तर एका शब्दात देता येत नाही. गंधक नुसतं पडून राहिलं तर काही करत नाही. त्यावर जगणारे जिवाणू त्याचे आम्ल करतात. हे आम्ल काय करू शकते, ते केरळातील कुट्टनाड भागात पाहावे.

कुट्टनाडची भातशेती समुद्रसपाटीच्या खाली आहे. तेथील 'करी' नावाच्या काळ्या जमिनीत पायराइट, म्हणजे लोखंड व गंधक यांचे खनिज आहे. शेतात पाणी उभे आहे तोवर ते गुपचूप पडून असते. पाणी काढले, जमीन भेगाळली, आत हवा शिरली, की जिवाणू कामाला लागतात. नुसत्या हवेने सावकाश होणारे काम ते झपाट्याने उरकतात. पायराइट फुटून गंधकाम्ल बनते आणि मातीचा सामू ४ च्याही खाली येतो.

मग पिकाचं काय होतं? आम्लामुळे मातीतील अॅल्युमिनियम विरघळते. मुळ्या आखूड व जाड होतात, पांढरी मुळी खुंटते, स्फुरद टाकूनही पिकाला मिळत नाही. विरघळलेले लोह जास्त झाले की भाताची पाने तांबूस पडतात. रोग समजून फवारणी केली तर पैसा वाया! तेथील शेतकरी चुना टाकतात आणि पाण्याने आम्ल धुऊन काढतात.

आपल्या चोपण जमिनीचे दुखणे नेमके उलटे. सामू ८.५ च्या वर, आणि मातीला सोडियम चिकटलेला. अशा मातीत चुनखडी असेल तर जिवाणूंनी केलेले आम्ल चुनखडी विरघळवते. त्यातून सुटलेला कॅल्शियम सोडियमला हुसकावतो. म्हणूनच बिहारमधील अमझोरचे पायराइट पूर्वी उत्तर प्रदेशातील ऊसर जमिनींना वापरले गेले. तिकडचे विष ते इकडचे औषध!

तेव्हा आमचे सांगणे एवढेच :

१. माती तपासल्याशिवाय गंधक घालू नये. शेजाऱ्याने घातले म्हणून तर मुळीच नाही.

२. चुनखडी नसलेल्या चोपण जमिनीत जिप्सम वापरावे.

३. गंधक मातीत मिसळून ओलावा राखावा. जिवाणूंना वेळ लागतो, म्हणून ते लागणीच्या बरेच आधी घालावे.

४. आधी चर काढून निचरा करावा. सुटलेला सोडियम वाहून गेला नाही, तर सारा खर्च पाण्यात.